आईची कानबाईची गाणी आणि माझी गिटार: आठ हजारांत कोणता माईक?

सहातारी (अमळनेर)

नमस्कार मंडळी. थोडं पाल्हाळ लावतोय, सांभाळून घ्या. मागच्या वेळी नुसतं "स्वस्तातला माईक सुचवा" विचारलं आणि तोंडावर पडलो.

मी मेडिकलच्या दुकानात कामाला आहे. रात्री दहाला शटर पडलं की गिटार हातात. साधी अकॉस्टिक, स्टीलच्या तारा, बोटांनी वाजवतो. आई माहेरची शिरपूर तालुक्यातली. तिला अहिराणीतली कानबाईची (आमच्या खान्देशातली देवी) गाणी येतात, तिच्या आईकडून ऐकलेली. वही नाही, कागद नाही. एका रविवारी मोजायला बसलो तर चौदा निघाली, त्यातली दोन अर्धीच आठवतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, भावकी रोटांच्या प्रसादाला जमते. त्याच्या आत ही गाणी नीट रेकॉर्ड करायची आहेत, खाली हलकी गिटार.

फोनवर करून पाहिलं. आई गायची थांबली की पंखा मोठा होतो, गायला लागली की पहिला शब्दच दबतो. फोन आपल्या मनाने आवाज वर-खाली करतो.

मग दिवाळीत १,६०० रुपयांचं "स्टुडिओ किट" ऑनलाइन मागवलं. माईक, कात्रीसारखा स्टँड, फोमचं बोंडुक आणि एक वायर. वायरचं टोक लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घालायचं. आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि मागे कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतं तसं श्श्श. परत करायची मुदत टळून गेली होती.

खोली १० बाय १२, वर स्लॅब, चारही भिंतींना प्लास्टर, खाली फरशी, एक लोखंडी कपाट. टाळी वाजवली की कपाट उत्तर देतं. सुरत–भुसावळ लाइन घरापासून फार लांब नाही. आणि मे महिना आहे, पारा ४४. पंखा बंद केला तर आई म्हणते, "पंखा बंद व्हयना ते मी नही गावाव." संपला विषय.

लॅपटॉप आहे, बाकी शून्य. बजेट ८ हजार, ताणलं तर ९. डायनॅमिक (रांगडा, जवळचंच पकडणारा) की कंडेन्सर (नाजूक, बारीकसारीक सगळं पकडणारा)? थेट यूएसबीवाला की इंटरफेस (माईक आणि लॅपटॉपच्या मधला डबा)? माणसं दोन, मग माईक दोन लागतील का?

शहादेकर_पुण्यात

डोळे झाकून ऑडिओ-टेक्निका एटी२०२०. कंडेन्सर आहे, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ. अकॉस्टिक गिटारची जी चमक असते, बोट तारेवरून सुटतानाचा तो बारीक आवाज, तो डायनॅमिकमध्ये येतच नाही. आकड्यात बघ: शुअरचा एसएम५८ एका पास्कलला १.८८ मिलिव्होल्ट देतो आणि एटी२०२० सुमारे १४. म्हणजे १७ डेसिबलचा फरक. तू बोटांनी हळू वाजवतोस, डायनॅमिक लावलास तर गेन (माईकचा आवाज वाढवायचं बटण) शेवटपर्यंत फिरवावा लागेल आणि इंटरफेसची सरसर वर येईल.

मंडपवाले_नाना (जळगाव)

डोळे झाकून काही घेऊ नको रे बाबा. शहादेकर भाऊंचे आकडे खरे आहेत, पण ते बोलताहेत पुण्याच्या बंद फ्लॅटमधून. जो माईक बोट सुटल्याचा आवाज पकडतो तो पंखा, कपाट, शेजारच्यांचा कूलर आणि मालगाडी पण पकडतो. माईकला काय माहीत तुला काय पाहिजे ते.

आधी तुझं किट. ते खरा कंडेन्सर असेल तर त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, तो इंटरफेस किंवा मिक्सर देतो. लॅपटॉपच्या भोकातून दोन-चार व्होल्ट निघतात. बैल दोन आणि नांगर ट्रॅक्टरचा. म्हणून आवाज विहिरीतून आला. इंटरफेस आला की ते फेकायच्या आधी एकदा नीट एक्सएलआर (तीन पिनांच्या) वायरने लावून बघ. तरी बेकारच निघालं तर मग भंगारवाल्याला.

मी २७ वर्षं साऊंडचं काम करतो. लग्न, कीर्तन, ऑर्केस्ट्रा, सगळं. माझ्याकडे एक एसएम५८ आहे, यावलला एका लग्नात स्टेजवरून खाली पडला, जाळी एका बाजूने चपटी झाली. ती चिमट्याने सरळ केली, माईक अजून गातो. हे मॉडेल १९६६ पासून निघतंय. पण तो एकटाच तुझं बजेट खाईल. बेहरिंजरचा एक्सएम८५०० त्याच वळणाचा, डायनॅमिक, कार्डिओइड (म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा), किंमत त्याच्या एका कोपऱ्यात. आईच्या आवाजाला तेवढा पुष्कळ.

आता खरी गोष्ट. माईक तोंडापासून किती लांब, यावर निम्मं काम असतं. अंतर निम्मं केलंस की आवाज ६ डेसिबलने वाढतो, आणि पंखा जिथे होता तिथेच राहतो. म्हणजे हातभर अंतरावरून वीतभरावर आलास तर पंख्याच्या मानाने आई बरीच मोठी झाली, फुकटात. मात्र वितीपेक्षा खूप जवळ नको. कार्डिओइड माईक अगदी ओठाला लावला की खर्ज फुगतो, मग आई भजनी मंडळातला बुवा वाटेल.

कार्डिओइड पाठीमागे जवळजवळ बहिरा असतो. म्हणून कपाट, खिडकी, जे काही गोंगाट करतं ते माईकच्या पाठीला ठेव. छताचा पंखा मात्र डोक्यावर असतो, त्याला पाठ दाखवता येत नाही. त्यापेक्षा टेबल फॅन खाली जमिनीवर, आईच्या पायाकडे, वारा माईकवर जाणार नाही असा.

धुळ्याची_बाई

मी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळेतल्या मुलांसाठी गोष्टी रेकॉर्ड करायला लागले, तेव्हापासून सॅमसन क्यू२यू वापरते. तोही डायनॅमिकच. यूएसबी आणि एक्सएलआर दोन्ही आहेत, हेडफोन माईकलाच लागतो. आज यूएसबी लावून काम सुरू करता येतं, उद्या इंटरफेस घेतला तरी माईक वाया जात नाही. एकच अडचण: दोन यूएसबी माईक एका लॅपटॉपवर एकदम चालवायचे म्हणजे डोक्याला ताप. पुढे दोन लागणार असतील तर इंटरफेसच घ्या.

पण मला माईकपेक्षा तुमच्या आईची काळजी वाटतेय. माझ्या सासूबाईंच्या ओव्या घेतल्या तेव्हा दोन गोष्टी आडव्या आल्या. पहिली बांगड्या. काचेच्या बांगड्या, हात हलला की किणकिण, आणि त्या काढायला सांगायची कोणाची टाप? शेवटी बांगड्या कोपराकडे सरकवून वर केसांचं रबर लावलं. दुसरं म्हणजे माईक तोंडासमोर दिसला की त्या आरतीला उभं राहिल्यासारख्या ताठ व्हायच्या. मग माईक हनुवटीच्या खाली, जरा बाजूने, तोंडाकडे वर बघेल असा लावला. "प" आणि "फ" चा फुस्स वाराही त्यामुळे वाचला. पॉप फिल्टर घेतलाच नाही मी.

कोरडवाहू (चोपडा तालुका)

मी गाणारा नाही, शेतकरी माणूस. पण खोलीचं वाचून राहवलं नाही.

दोन वर्षांमागे भाव नव्हता म्हणून कापूस विकला नाही, मधल्या खोलीत भरून ठेवला. १० क्विंटल असेल, छताइतका ढीग. पोरगा तेव्हा यूट्यूबसाठी काहीतरी बोलायचा, बाहेर गलका म्हणून त्या खोलीत जाऊन बसला. कापसात खड्डा करून त्यात बसायचा. ऐकवलं तर आम्ही चाट. रेडिओवर बोलतोय असं वाटलं. खोलीत बोललं की आवाज तोंडातून निघून तिथेच पडायचा, परत यायचा नाही.

अडचण एवढीच की साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. पोराच्या हाता-मानेवर पुरळ. आणि मे अखेरीस भाव थोडा सुधारला, कापूस विकला, स्टुडिओ जिनिंगमध्ये गेला.

मंडपवाले_नाना (जळगाव)

आबा, लाखाची गोष्ट सांगितली. सहातारी, ऐकलंस का? खान्देशात राहून फोम कशाला विकत घेतोस? बोटभर जाडीचा फोम वरचा "स" आणि "श" तेवढा गिळतो, खालचा गुंगाट तसाच. १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिला बोटभर स्पंज काय करणार? तिथे जाडीच लागते. घरातल्या कापसाच्या गाद्या काढ, पिंजलेल्या, जड असतील त्या. दोन उभ्या कर, एकमेकींना काटकोनात, आणि त्या कोपऱ्यात आईला बसव.

पोरं इथेच चुकतात. गादी माईकच्या मागे लावतात. माईकची पाठ आधीच बहिरी आहे. माईक बघतो आईकडे, आणि आईच्या पाठीमागची भिंत त्याला दिसते. गादी तिथे पाहिजे, आईच्या पाठीशी. कपाटावर गोधडी टाक.

सहातारी

नाना, बाई, आबा, सगळ्यांचे आभार. काल गाद्या उभ्या केल्या, टाळी वाजवली, कपाट गप्प. आई म्हणाली, पाहुणे येणारेत का?

आता खरा घोळ सांगतो. आई दर वेळी वेगळ्या सुरात उचलते. परवा एक गाणं साधारण जी शार्पच्या आसपास, काल तेच ए आणि ए शार्पच्या मधे कुठेतरी. गिटारच्या पडद्यांमध्ये तो सूरच नाही. आणि सहाव्या कडव्यापर्यंत ती हळूहळू वर सरकलेली असते. मी सोबत वाजवायला लागलो की ती थबकते, "तू पुढे चालस" म्हणते. हेडफोन घालायचं नाव काढू देत नाही. दोघांनी एकदम बसून दोन माईक लावायचे का?

मंडपवाले_नाना (जळगाव)

बसायचंच असेल तर समोरासमोर बसा. तुझ्या माईकची पाठ आईकडे, आईच्या माईकची पाठ तुझ्याकडे. प्रत्येक माईक आपल्या माणसापासून जितका लांब, त्याच्या तिप्पट तरी अंतर दोन माईकांमध्ये राहू दे, नाहीतर दोन्हीकडून एकच आवाज मागेपुढे येतो आणि पोकळ वाटतो.

पण तुझं वाचून मी म्हणेन, नको. आईला गिटारची गरज नाही. ती तुझ्याशिवाय चाळीस वर्षं गातेय. तिला एकटीला गाऊ दे, तिच्या सुरात, तिच्या चालीत. क्लिक (ठेक्याची टिकटिक) नाही, तानपुरा नाही, काही नाही. मग तू बंद कानांचा हेडफोन घालून त्यावर गिटार वाजव, त्याच माईकवर. गिटार तिच्या आवाजाला जुळव. ट्यूनर ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुरावर हट्ट धरून बसेल, त्याला बाजूला ठेव, कानाने तारा चढव. ती वर सरकली तर दोन-दोन कडव्यांचे तुकडे करून प्रत्येक वेळी तार जरा वर घे. कंटाळवाणं आहे, पण जमतं.

म्हणजे माईक एक, वायर एक, इंटरफेसला माईकचं भोक एक. झाला हिशोब.

शहादेकर_पुण्यात

हे पटलं. कंडेन्सरचा हट्ट मागे घेतो, निदान मे महिन्यापुरता.

गिटारसाठी: डायनॅमिक माईक साऊंडहोलच्या समोर लावू नकोस, तिथून नुसता घुमारा येतो. बाराव्या पडद्यासमोर, वीत-दीड वीत लांब, तोंड किंचित बॉडीकडे. दोन इंच इकडे-तिकडे केलं तरी गिटार बदलते, म्हणून हेडफोन घालून माईक हलव आणि मग ठरव. लो कट (खालचे आवाज कापणारा फिल्टर) आईच्या आवाजावर १०० हर्ट्झला लाव, मालगाडीचा बराचसा धडधडाट तिथेच जाईल. गिटारवर तेवढा नको, खालची ई तार ८२ वर वाजते.

२४ बिटवर रेकॉर्ड कर, सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला की पुरे. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं ते दाब, म्हणजे स्वतःची गिटार उशिरा ऐकू येणार नाही. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी फुकट आहे. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं.

सहातारी

तीन आठवड्यांनी हजर. एक्सएम८५०० घेतला. नाशिकच्या मित्राकडून स्कारलेट सोलो इंटरफेस जुना घेतला, ५ हजारांत. वायर, साधा स्टँड, बंद कानांचा हेडफोन धरून सगळं साडेआठच्या आत बसलं.

पण एक भुणभुण येतेय. बारीक, सतत, मोटर चालू असल्यासारखी. आई गात नसताना स्पष्ट ऐकू येते. वायर बदलून पाहिली, माईक काढला तरी येते. आणि गंमत म्हणजे लॅपटॉपच्या धातूला हात लावला की कमी होते.

मंडपवाले_नाना (जळगाव)

हात लावल्यावर कमी होते म्हणजे अर्थिंग. चार्जर काढ, बॅटरीवर चालव. गेली? मग माईक, इंटरफेस दोघंही निर्दोष. तुझ्या घराचं अर्थिंग तपास. उन्हाळ्यात आपल्याकडे जमीन वाळून भाकरी होते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात दोन बादल्या पाणी ओत. शेतकरी डीपीच्या अर्थिंगला पाणी घालतात ते काय उगाच नाही. पंख्याचा रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक असेल तर तोही असली भुणभुण सोडतो, फुल स्पीडवर किंवा पूर्ण बंद ठेव, मधे नको.

कोरडवाहू (चोपडा तालुका)

खड्ड्यात कोळसा-मीठ टाकलेलं आहे का ते पण वायरमनला विचारा. आमच्याकडे विहिरीच्या मोटारीचं असंच झालेलं, हात लावला की झिणझिण्या. स्वतः उघडून बघू नका.

सहातारी

खड्डाच निघाला. घरमालकाला विचारलं तर त्यांना खड्डा कुठे आहे तेच आठवेना. मीटरच्या खाली, तुळशीच्या कुंडीमागे सापडला, वर फरशी बसलेली. वायरमनने येऊन पाणी घातलं, भुणभुण नव्वद टक्के गेली. उरलेली बॅटरीवर जाते.

किट पण नानांनी सांगितलं तसं ४८ व्होल्ट देऊन लावून पाहिलं. विहीर गेली, श्श्श राहिली. भंगारवाला.

आता गाण्यांचं. दिवसा काही जमेना. शेवटी आईनेच तोडगा काढला. ती या दिवसांत पहाटे चारला उठते, ज्वारीच्या बिबड्यांचं (पापडांचं) पीठ शिजवायला. म्हणाली, तेव्हाच घे. पहाटे पंखा लागत नाही, शेजारचा कूलर बंद, आणि त्या अर्ध्या-पाऊण तासात गाडीही नव्हती. ती गाद्यांच्या कोपऱ्यात पाटावर बसली, बांगड्या वर सरकवून रबर लावलं, माईक हनुवटीखाली. मी रेकॉर्डचं बटण दाबून शेजारच्या खोलीत जाऊन बसलो, कारण मी समोर असलो की ती माझ्याकडे बघून हसते.

पहिल्या गाण्यात मधेच थांबून म्हणाली, "हाई काय डबडं तोंडम्होरे धरं रे तू?" आणि लगेच पुढचं कडवं. ते तसंच ठेवलंय, कापणार नाही. एका आठवड्यात नऊ गाणी झाली. गिटार चारवर चढवली. एका गाण्याला सगळ्या तारा ट्यूनरच्या हिशोबाने अर्ध्यापेक्षा थोड्या कमी सुराने वर चढवाव्या लागल्या, त्यात वरची ई तुटली. एका गाण्यात गिटार घातली आणि काढून टाकली. तिथे आई दोन ओळींमध्ये जो श्वास घेते, तो गिटारखाली बुडत होता.

शहादेकर, तुम्ही म्हणता ती चमक डायनॅमिकमध्ये खरंच थोडी कमी आहे. वरून जराशी ट्रेबल वाढवली, चालून गेलं.

आता शेवटचं. जी दोन गाणी आईला अर्धी आठवतात ती शिरपूरच्या मावशीला पूर्ण येतात. मावशी कानबाईला आठ दिवस आधी येतेय. पण मावशी एकटी गात नाही, दोघी मिळूनच गातात, आणि मावशीचा आवाज आईच्या दीडपट. एका माईकमध्ये दोघींना कसं बसवू?

मंडपवाले_नाना (जळगाव)

दोघी एकाच सतरंजीवर, खांद्याला खांदा लावून. माईक दोघींच्या मधोमध, हनुवटीच्या खाली, यावेळी दोन विती लांब, म्हणजे एकीने मान वळवली तरी ती गायब होणार नाही. पहिलं कडवं रेकॉर्ड करून ऐक. मावशी मोठी येत असेल तर गेनला हात लावू नको, मावशीलाच चार बोटं मागे सरकव. परत ऐक, परत सरकव.

आणि बांगड्यांचं रबर चार हातांना लागेल, आणून ठेव.